मांडवाबाहेरचा मास्तर

६ नोव्हेंबर २०१३

छातीत धडधडतं आहे. डॉक्टर म्हणतात गॅस आहे. गॅसने माणूस एवढा घाबरा होत नाही. मनातलं लिहून काढलं की बरं वाटतं, म्हणून लिहितो. चौथीपर्यंतच शिकलो, पण अक्षर वळणदार आहे.

माझी नात निशा वाशीला रेकॉर्डिंगचा कोर्स करते. आज ती उड्या मारतच घरी आली. पुढच्या महिन्यात अंधेरीच्या एका हॉटेलात संगीताचा धंदा करणाऱ्या लोकांची मोठी परिषद आहे. कंपनीवाले, रेडिओवाले, स्टुडिओवाले, सगळे दोन दिवस एका जागी. विद्यार्थ्यांनाही प्रवेश आहे. आणि निशाच्या वर्गातून ज्या दोघांना निवडलंय त्यांत ती आहे. त्यांना कंपनीच्या एका माणसासमोर दहा मिनिटं बसायला मिळणार. आपण केलेलं एक रेकॉर्डिंग ऐकवायचं.

“एकच, आजोबा. आवडलं तर काम मिळतं.”

माझा मुलगा निकेश, म्हणजे तिचा बाप, पेपर वाचता वाचता म्हणाला, “आणि नाय आवडला तर मार्चपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. ठरलंय ना आपलं?”

निशाचं तोंड उतरलं. ठरलंय खरं. तिचं सगळं त्या दहा मिनिटांवर आहे.

मी लगेच म्हणालो, “काळजी करू नकोस. माझा बेंजो आहे.”

ती म्हणाली, “बघू.”

बघू म्हणजे काय? काशिराम बेंजो पार्टी, करंजाडे. उरणपासून नेऱ्यापर्यंत एक हळद अशी नव्हती जिथे माझ्या बेंजोची बटणं वाजली नाहीत. अजून लोक मला मास्तर म्हणतात. दुसरं घरात आहे तरी काय ऐकवण्यासारखं?

९ नोव्हेंबर

निशाला घेऊन पनवेलला यूनुसच्या दुकानात गेलो. आता तो मोबाइल दुरुस्त करतो, पूर्वी कॅसेटी विकायचा. कुवेतहून आला तेव्हा त्याने मोठा टेपरेकॉर्डर आणला होता आणि एका हळदीला माझी पार्टी टेप केली होती. ती कॅसेट त्याने अजून जपून ठेवली आहे. तिची सीडी करून घ्यायची होती.

कॅसेट लागली. माझा हात काय चालायचा तेव्हा! दुकानात आलेली दोन पोरं मान डोलवायला लागली. यूनुस म्हणाला, “माशाल्ला, मास्तर. जवानी ऐकू येते.”

एक गाणं संपलं आणि मध्येच बायकांचा आवाज आला. धवला. आमच्यात धवलारणीशिवाय लग्न लागत नाही. म्हातारी बाई मांडवात बसून एकेका विधीचं गाणं म्हणते, मागे चारजणी धरतात. माझी बायको भामा धवलारीण आहे. त्या कॅसेटवर तीच होती, तरुणपणीची.

मी म्हणालो, “यूनुस, ते बायकांचं काढून टाक. बेंजो तेवढा ठेव.”

यूनुस म्हणाला, “काढू? वहिनींचा आवाज आहे मास्तर.”

“काढ. मध्ये मध्ये येतो.”

निशा पुढे वाकून ऐकत होती. “यूनुसचाचा, थांबा. परत लावा.” त्याने परत लावलं. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. बेंजो तिने एकदाच ऐकला.

घरी येताना रिक्षात ती आजीच्या धवल्याबद्दलच विचारत होती. मला घाम येत होता.

१० नोव्हेंबर

जे वाटलं तेच झालं. सकाळी निशा भामाला म्हणाली, “आजी, मी तुझा धवला रेकॉर्ड करू? परिषदेसाठी?”

भामा मासे साफ करत होती. हसली. “माजा? आन् आजोबांचा बेंजो?”

मी चहा घेत होतो. शांतपणे सांगितलं की हे होणार नाही. मांडवाशिवाय धवला म्हणत नाहीत. लग्न नसताना म्हटला तर घराला बरं नाही. हे मी बनवून सांगितलं नाही, भामाला शिकवणारी गुणाबाई हेच सांगायची.

भामाचे हात थांबले. “खरा हाय, बाय,” ती निशाला म्हणाली. “गुणाबाईनं शपथ घातलीय. मांडव नाय तं धवला नाय.”

निशाने पुष्कळ समजावलं. भामा एकदा नाही म्हणाली की नाही. चहा गोड लागला. नंतर दिवसभर मात्र उगाच वाटत राहिलं की भामा माझ्याकडे बघते आहे. विचारलं तर म्हणाली, “तुमच्याकडं कनाला बघू? तुलस रंगवायचीय.”

१५ नोव्हेंबर

फसवणूक झाली. दुसरा शब्द नाही.

आज आमच्याकडे तुळशीचं लग्न. दरवर्षी चार ऊस उभे करतात, भटजी मंगलाष्टकं म्हणतो, चुरमुरे वाटले की झालं. यंदा दुपारी बघतो तर भामाने अंगणभर मांडव घातलेला. बांबू, आंब्याचे डहाळे, झालर सगळं. आळीतल्या बायका नटून आलेल्या.

मी म्हणालो, “हे काय?”

“लगीन हाय ना?” भामा म्हणाली. “मंग मांडव नको?”

निशा माइक घेऊन तुळशीच्या बाजूला बसली होती. दोघींचं आधीच ठरलं होतं. मला कोणी विचारलं नाही.

भामाने धवला सुरू केला. मी पडवीत बसलो. टाकीत पाणी नसेल अशी मला शंका आली. मी उठून मोटार सुरू केली. ती मोटार फार आवाज करते.

निशा ओरडली, “आजोबा! मोटार!”

“टाकी रिकामी आहे.”

टाकीतून पाणी बाहेर वाहायला लागलं तशी मी बंद केली. वाटलं, आता यांचा उत्साह गेला. पण धवल्याचं असं आहे की तो मध्ये तुटला तर तिथून जोडत नाहीत, पहिल्यापासून म्हणायचा. भामाने पदर सारखा केला, घोटभर पाणी प्यायली आणि पहिल्यापासून घेतला. पहिल्या वेळी तिचा आवाज जरा बसलेला होता. दुसऱ्या वेळी मोकळा लागला. बायका पुढे सरकून बसल्या. रस्त्याने जाणारी माणसं फाटकाशी उभी राहिली.

संपल्यावर निशा माझ्याजवळ आली. “थँक्यू आजोबा. पहिला टेक वाया गेला ते बरंच झालं.”

टोमणा होता की खरंच म्हणाली, कळलं नाही. रात्री जेवलो नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. भामाच्या आलं, पण तिने नुसतं ताट झाकून ठेवलं.

२४ नोव्हेंबर

निशाचे अवधूत सर घरी आले होते. तरुण आहेत, दाढी आहे, जमिनीवर मांडी घालून जेवले. त्यांनी दोन्ही सीडी ऐकल्या, माझ्या बेंजोची आणि निशाने यूनुसकडून करून घेतलेली धवल्याची. बेंजोला म्हणाले, “वा, काय उत्साह आहे!” आणि पाठीवर हात ठेवला. भामाच्या सीडीला काहीच म्हणाले नाहीत. कितीतरी वेळ काहीच म्हणाले नाहीत. मग विचारलं, “आजी, पुन्हा लावली तर चालेल ना? मांडव नाहीये.”

भामा म्हणाली, “एकदा मांडवान म्हटला तो म्हटला. आता ऐकाला काय.”

मला उत्साह आणि तिला ते गप्प बसणं. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या वाजवण्यापुढे कोणी असं गप्प बसलं नाही. नाचत होते सगळे.

सरांनी निशाला सांगितलं ते मीही ऐकलं. “तिथे पन्नास जणांची कार्डं गोळा करत फिरू नकोस. तिघांना नीट भेट. ते काय काम करतात हे आधी वाचून जा. आधी त्यांच्या कामाबद्दल विचार, मग आपलं सांग. भिंतीला टेकून मोबाइल बघत उभी राहिलीस तर दोन दिवस फुकट. आणि परत आल्यावर लगेच मेल पाठव, आठवडा जाऊ देऊ नकोस.”

“आणि ऐकवू काय, सर?”

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला माहीत आहे.”

मलाही माहीत होतं. मी उठून मागच्या दारी गेलो.

५ डिसेंबर

उद्यापासून परिषद. निकेश म्हणतो पोरीने एकटीने जायचं नाही. त्याला रजा नाही. सुनेच्या शाळेत परीक्षा. भामाला घेऊन जाऊ म्हणून निशा मागे लागली होती. भामा म्हणाली, “माजा नेऱ्याला लगीन हाय. हळद उद्या, लगीन परवा. मी नवरीच्या आईला शब्द दिलाय.”

निशा म्हणाली, “आजी, तिथे कंपनीचे लोक येणार आहेत.”

“मंग? नवरी काय माजी वाट बघत थांबंल?”

एवढी मोठी संधी आणि हिला तिची पर्वा नाही! ज्याला नको त्यालाच मिळतं. शेवटी मला जायचं ठरलं. निशाने दोन्ही सीडी माझ्या कापडी पिशवीत ठेवल्या. ती म्हणते, कोणी आपल्या लॅपटॉपला दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावू देत नाही, म्हणून सीडी. माझी तिने का घेतली विचारलं, तर म्हणाली, “कोणी विचारलं तर असू दे.”

कोणी विचारलं तर!

६ डिसेंबर

पालकांचा वेगळा पास नव्हता. अवधूत सरांनी खटपट करून माझं नाव विद्यार्थ्यांत घातलं. गळ्यात पट्टी, पट्टीला कार्ड, कार्डावर ‘विद्यार्थी’. दारावरच्या मुलीने मला “वेलकम सर” म्हटलं. चौथीनंतर आज पुन्हा पटावर नाव लागलं.

हॉटेलात इतकी थंडी की मी मफलर गुंडाळला. एकामागून एक लोक स्टेजवर बसून इंग्रजीत बोलत होते. टाळ्या पडल्या की मीही वाजवत होतो. माझ्या शेजारी काळ्या कपड्यांतला एक मोठा माणूस उभा होता. तो हात वर करायचा आणि हॉलचा आवाज कमी-जास्त व्हायचा. हाच मुख्य असणार असं समजून मी त्याला माझ्या बेंजोबद्दल सगळं सांगितलं. त्याने फार लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाला, “काका, मी माइकवाला आहे. पण मी ठाण्याचा, आमच्या हळदीला बेंजो होता.”

निशा भिंतीला टेकून मोबाइल बघत होती. मला राग आला. मी म्हणालो, “सरांनी काय सांगितलं?”

“आजोबा, सगळे एकमेकांना ओळखतात. मी जाऊन काय बोलू?”

“स्टेजजवळ कशाला जातेस? तिथे सगळे घेरून असतात. हळदीची सुपारी मी कधी नवरीच्या बापाकडून घेतली नाही. तो गर्दीत असतो. चहा असतो तिथे उभं राहायचं. चहाला माणूस एकटा येतो.”

ती चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिघांशी बोलली. येताना गाडीत बडबड करत होती. माझे आभार मानले. बरं वाटलं. मग तिने भामाला फोन लावून सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि भामा तिकडून हळदीच्या गडबडीत “हां बाय, हां बाय” करत होती. माझा सल्ला मात्र फोनवर सांगायचा राहिला.

७ डिसेंबर

आज जे केलं ते लिहितो. घरी कोणाला सांगितलेलं नाही.

निशाची वेळ दुपारची होती. एका छोट्या खोलीत फिजा मॅडम बसल्या होत्या. त्यांची कंपनी गावागावांतली जुनी गाणी गोळा करते. निशाने त्यांच्याबद्दल सगळं वाचून ठेवलं होतं. दाराशी तिने हात पुढे केला. “आजोबा, सीडी.”

पिशवीत दोन पाकिटं. दोन्हींवर यूनुसने हिरव्या पेनाने नावं घातलेली. एकावर काशिराम, एकावर भामा. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. मला स्वच्छ दिसत होतं. मी माझी दिली.

घाईत तिने पाकीट बघितलं नाही. मॅडमनी सीडी लावली. बेंजो सुरू झाला. मी मागच्या खुर्चीवर ताठ बसलो. मॅडम ऐकत होत्या, टेबलावर बोटही वाजवत होत्या. मग त्यांनी आवाज कमी केला. “एनर्जी छान आहे. पण असं आमच्याकडे खूप येतं.”

बस. तेवढंच.

निशाने वळून एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल की सीडी चुकली. ती मॅडमना म्हणाली, “हे माझे आजोबा. बेंजो त्यांनीच वाजवलाय.”  मॅडमनी मला नमस्कार केला, कोणत्या साली टेप केलं, कोणी केलं, असं सगळं विचारत बसल्या. निशा माझ्या पिशवीकडे हात नेत होती तोच दार उघडलं. वेळ संपली होती. पुढचा मुलगा आत आला.

बाहेर येऊन निशा तोंड धुवायला गेली. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. एसीचा त्रास असणार.  “घरी जाऊ या का, आजोबा?” एवढंच.

मला बसवेना. मी चहाच्या टेबलाशी गेलो आणि उभा राहिलो. चहा पिऊन झाला. दुसराही घेतला. शेवटी मॅडम आल्या, एकट्याच.

मी म्हणालो, “मॅडम, मघाशी सीडी दुसरीच दिली.”

“असू दे आजोबा, होतं असं चुकून.”

“चुकून नाही. मी दिली.”

त्यांनी कप खाली ठेवला. मी भामाची सीडी पुढे केली. त्या म्हणाल्या, “आता नाही हो, पुढची मीटिंग आहे. पाठवून द्या.” आणि निघाल्याच. पाठवून द्या म्हणजे काय ते मला माहीत आहे. मीही हळदीला नाही म्हणायचं असलं की ‘कळवतो’ म्हणायचो.

मी मागून बोलायला लागलो. चाल लावली नाही, नुसते शब्द.

मिठागरान चांदना परला गो,
नवरीच्या आयशीला वाटला ऊन.
उठ गो बाय, दिस उगवला,
अजून रात हाय, नीज माजे बाय.

मॅडम थांबल्या. “पुढे?”

मी पुढचं सांगितलं. हळदीचं झालं, पाणी आणायचं झालं, पाठवणीचं झालं. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेलो.

“तुम्हाला सगळं पाठ आहे?”

“बायकांचं संपल्याशिवाय आमची पार्टी वाजत नाही. मांडवाबाहेर बेंजो मांडीवर घेऊन बसायचं. ऐकावंच लागतं.”

“चाल लावून म्हणा ना थोडं.”

“इथे मांडव नाही,” मी म्हणालो. “आणि ते माझं नाही.”

हे तोंडातून कसं गेलं कळत नाही. भूक लागली होती म्हणून असेल.

मॅडम म्हणाल्या, “ती मुलगी कुठे आहे?” मी निशाला हाक मारली. ती आली आणि एकदम आपलं सांगत सुटली नाही. आधी मॅडमच्या कामाबद्दल विचारलं, गावात माइक कुठे ठेवता, बायका लाजल्या तर काय करता. मग दोघी खाली पायरीवरच बसल्या, मॅडमच्या लॅपटॉपला भामाची सीडी लावून, एकेक कानात वायर घालून. पुढची मीटिंग राहिली. मी दोघींचे रिकामे कप धरून उभा होतो.

८ डिसेंबर

भामा सकाळी नेऱ्याहून आली. मानाचं लुगडं, नारळ, घसा बसलेला. निशा अजून झोपली होती.

“काय बोलल्या मग बाई?” तिने मला विचारलं.

“बरं बोलल्या.”

“आन् तुमच्या बेंजोला?”

“त्यालाही बरंच म्हणाल्या. एनर्जी आहे म्हणाल्या.”

“मंग बरा जाला.” ती नारळ फोडायला बसली. थोड्या वेळाने वर न बघता म्हणाली, “निशाचा रातरी फोन आलता मना. आजोबांनी लय मदत केली बोलली.”

“एवढंच बोलली?”

“एवराच.” तिने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मोठा होता.

पोरीने बाकीचं सांगितलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. याची काळजी लागून राहिली आहे.

निशाने दुपारीच मॅडमना मेल पाठवली.

१२ डिसेंबर

मॅडमचं उत्तर आलं. निशाने मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज फार आवडला. निशाला तीन महिने कामावर घेतात, धवलारणींची गाणी टेप करायला. पगार थोडा आहे पण आहे. निकेशने मेल दोनदा वाचली आणि बँकेच्या क्लासचं नाव काढलं नाही. नंतर गॅलरीत जाऊन मित्राला फोनवर सांगत होता, “आमची निशा, कंपनीत.”

सगळं चांगलं. पण खाली एक ओळ होती. पनवेल-उरण भागातल्या पाच-सहा जणींना ऐकायचं आणि त्यांतल्या दोघींना स्टुडिओत बोलवायचं.

मी म्हणालो, “पाच-सहा कशाला? ऐकलं ना एकदा?”

निशा हसली. “आजोबा, सगळ्यांना ऐकायला नको?”

भामा तर खूशच. “ऐकूदे की. उरणची ती हाय ना, कमळाकरची आई, लय गोड म्हंते. माज्यापरीस गोड.”

“कोण म्हणतं?” मी म्हणालो.

“मीच म्हंते.”

मला जेवण गेलं नाही. उरणची ती बाई धवला म्हणायला होती त्या हळदीला मी वाजवलं आहे. ओळीच्या शेवटी ती सूर सोडून देते, मागच्या बायका सावरून घेतात म्हणून कळत नाही. भामाने आजवर एक ओळ सोडलेली नाही. मांडवात पोरं रडत असोत, भांडणं होत असोत, ही शेवटपर्यंत नेते. हे मॅडमना कोण सांगणार? सीडीत हे कळतं का? तिथे निवडणारी माणसं बाहेरची. नुसत्या गोडव्यावर गेली तर?

आणि हिला त्याचं काही आहे का? जेवण झाल्यावर फ्रिज उघडून थंड पाण्याची बाटली तोंडाला लावत होती, बसलेल्या घशाने. मी हातातून काढून घेतली.

“अवो, काय जाला तुमाला?”

मी गॅस पेटवला. पातेलं ठेवून पाणी कोमट केलं, मीठ घातलं आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं. ती गुळण्या करेपर्यंत दारात उभा राहिलो. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ करायला लावणार आहे. दही बंद. बघू दे मग उरणच्या बाईला.